पुण्यश्लोक अहिल्याबाई : शोकातील ईश्वरी आधार

शोक कोणास चुकला आहे? राजवाडा असो की कुडाची झोपडी, मृत्यू आत शिरताना दारावरची पाटी वाचत नाही. घरातले माणूस गेले की शेजारीपाजारी, सगेसोयरे जमतात, दोन शब्द सांत्वनाचे बोलतात आणि उठताना हमखास म्हणतात की आता सारा भार देवावर टाका. हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे, आणि कधी ना कधी ऐकलेलेही आहे. परंतु भार देवावर टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे? रडू आवरायचे काय? गेलेल्याला विसरायचे काय? की संसाराकडे पाठ फिरवून जपमाळ ओढीत बसायचे? ह्या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत पुष्कळ सापडतील. पण ग्रंथापेक्षा जगून दाखविलेले चरित्र अधिक बोलके असते, अशी आमची समजूत आहे. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर ह्यांचे चरित्र आम्ही ह्या एकाच दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अहिल्याबाईंचे नाव आपल्या धनगर समाजातील लहान मुलाच्याही ओठी असते. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले, आणि २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. मिरवणुका निघाल्या, पुतळ्यांना हार पडले, व्याख्याने झाली. हे सर्व योग्यच झाले. मात्र हाती शिवलिंग घेतलेली ती शांत मूर्ती पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते. ती शांती त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती. एकामागून एक चिता पेटताना पाहून, त्या आगीतून ती मिळवावी लागली होती. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांच्या महामारीत आपल्यापैकी कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नाही. राजारामपुरीच्या गल्ल्यागल्ल्यांतून त्या दिवसांत जी शांतता पसरली होती, ती अजून कित्येक घरांतून पुरती गेलेली नाही. अशा घरांसाठी हे चरित्र विशेष आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी ह्या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवैभवाचा तेथे मागमूस नव्हता. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या मुलीस लिहावयास-वाचावयास शिकविले. मल्हारराव होळकरांनी ह्या मुलीस देवळात पाहिले आणि तिची श्रद्धा व चुणचुणीतपणा पाहून तिला सून करून घेण्याचे ठरविले, अशी आख्यायिका आहे. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांचे वय आठ वर्षांचे होते.

सासर मोठे होते. मल्हारराव हे मेंढपाळाच्या घरात जन्म घेऊन स्वपराक्रमाने माळव्याचे सुभेदार झालेले पुरुष. सासू गौतमाबाई करारी आणि धर्मशील. ह्या दोघांच्या छायेत अहिल्याबाई वाढल्या. १७४५ साली मालेरावांचा आणि १७४८ साली मुक्ताबाईंचा जन्म झाला. खंडेरावांचा स्वभाव वडिलांइतका जबाबदारीचा नव्हता, असे इतिहासकार सांगतात. तरीही भरलेले घर, मुलेबाळे आणि सासूसासऱ्यांची माया ह्यांमुळे ही वीस वर्षे सुखाचीच म्हणावी लागतील.

पहिला घाव १७५४ साली पडला. मराठ्यांच्या फौजांनी जाटांच्या कुंभेरी किल्ल्यास वेढा घातला होता. त्या वेढ्यात मार्च महिन्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंनीही सहगमनाची तयारी केली. त्या वेळी वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तूही गेलीस तर ह्या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा त्यांचा विनवणीचा आशय होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सती जाण्यात स्वर्ग आणि कीर्ती दोन्ही होती, आणि मागे राहण्यात विधवेचे उपेक्षित जिणे होते. तरीही अहिल्याबाई मागे राहिल्या.

आमच्या मते त्यांच्या ईश्वरनिष्ठेचा पहिला कस येथे लागला. चितेवर चढणे ही धर्माची परिसीमा समजली जात असता, एका वृद्धाच्या अश्रूंना त्यांनी अधिक मोठा धर्म मानले. देव चितेच्या ज्वाळांत आहे की ओसरीवर बसून रडणाऱ्या सासऱ्याच्या डोळ्यांत आहे, ह्याचा निर्णय त्यांना घटकाभरात करावा लागला, आणि तो त्यांनी जिवंत माणसाच्या बाजूने केला.

मल्हाररावांनीही सुनेचे वैधव्य कोपऱ्यात कोंडून ठेवले नाही. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, फौजेची रसद, तोफखान्याची व्यवस्था ही सर्व कामे त्यांनी तिच्या हाती दिली. आपण स्वारीवर असताना पत्रे पाठवून ते तिला कामे सांगत आणि ती ती चोख पार पाडी. येथे कोल्हापूरच्या वाचकास आपल्याच नगरीतील एक घटना आठवल्यावाचून राहणार नाही. ज्या राजाराम महाराजांच्या नावाने आपली राजारामपुरी वसली, त्यांचे धाकटे बंधू प्रिन्स शिवाजी हे १२ जून १९१८ रोजी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवींचे वय तेव्हा पुरते बारा वर्षांचेही नव्हते. राजर्षी शाहू महाराजांवर पुत्रशोकाचा डोंगर कोसळला होता. तशाही स्थितीत त्यांनी त्या कोवळ्या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली आणि त्या कामी लोकापवादाची पर्वा केली नाही. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात ललिता विहार, गृहिणी महाविद्यालय अशा स्त्रीशिक्षणाच्या संस्था उभ्या केल्या. दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन सासऱ्यांनी आपल्या शोकावर एकच औषध शोधले. गेलेल्या मुलासाठी जे करता येत नव्हते, ते त्यांनी मागे राहिलेल्या सुनेसाठी केले.

अहिल्याबाईंवरील आघात मात्र थांबले नाहीत. १७६१ साली, पानिपतच्या संहाराच्याच वर्षी, गौतमाबाई निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. ज्यांच्या विनवणीवरून अहिल्याबाई जगल्या होत्या, तेच आता उरले नाहीत. मालेराव गादीवर बसले, परंतु त्यांची वृत्ती अस्थिर होती. सर जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील वृद्ध माणसांच्या तोंडून माहिती गोळा करून १८२३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मालेरावांच्या अखेरीची हकीकत आहे. एका कशिदा काढणाऱ्या निरपराध कारागिराचा त्यांनी संशयावरून वध करविला. पुढे तो निर्दोष होता असे कळल्यावर पश्चात्तापाने त्यांचे चित्त भ्रमले आणि त्या मृताचाच आत्मा आपणास पछाडीत आहे, असे त्यांना वाटू लागले. आई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून होती. देवाची करुणा भाकीत होती, त्या मृतात्म्याचीही क्षमा मागत होती. उपयोग झाला नाही. १७६७ साली मालेराव गेले. अहिल्याबाईंनी न्यायासाठी मुलास हत्तीच्या पायी दिले अशी एक गोष्ट सांगितली जाते, परंतु तिला इतिहासाचा आधार नाही. खरी हकीकत त्या गोष्टीहून अधिक करुण आहे. मुलाचा अपराध माहीत असूनही त्याच्यासाठी तळमळणारी ती आई होती.

पती, सासू, सासरा आणि पुत्र! तेरा वर्षांत चार मृत्यू झाले. त्यातच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती घेण्याचा बेत केला आणि राघोबादादांना साहाय्यास बोलाविले. दादांची फौज क्षिप्रेच्या तीरापर्यंत आली. सुतकाचे दिवस पुरते सरले नाहीत तोच ह्या स्त्रीस आपल्या राज्याच्या रक्षणासाठी उभे राहावे लागले. त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले ह्यांस पत्रे धाडली, पेशव्यांकडे दाद मागितली आणि लढण्याची तयारीही ठेवली. थोरल्या माधवरावांनी त्यांचा पक्ष उचलून धरला आणि राघोबांस माघार घ्यावी लागली. फौजेचे काम तुकोजी होळकर ह्यांच्याकडे सोपवून अहिल्याबाईंनी राज्यकारभार स्वतः हाती घेतला आणि नर्मदेच्या काठी महेश्वर येथे आपली राजधानी नेली.

महेश्वरात त्या जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राहिल्या. तेथील त्यांची दिनचर्या माल्कमने नोंदून ठेवली आहे. पहाटे, सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधी त्या उठत. स्नान, पूजा आणि पुराणश्रवण झाल्यावर आपल्या हाताने दानधर्म आणि अन्नदान करीत, मग साधे शाकाहारी भोजन घेत. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येऊन बसत त्या सायंकाळी सहापर्यंत. त्यानंतर दोनतीन तास पुन्हा उपासना आणि अल्प फराळ. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्याची कामे. अंगावर पांढरे साधे वस्त्र, डोळ्यांपुढे नर्मदेचे पात्र. पडदा त्यांनी पाळला नाही. कोणीही गाऱ्हाणे घेऊन यावे आणि त्यांनी ते स्वतः ऐकावे, अशी रीत होती.

ही दिनचर्या वाचकांनी थोडी बारकाईने पाहावी. शोकग्रस्ताला सर्वांत कठीण काय जात असेल तर ते रिकामे तास. पहाटेची जाग आणि रात्रीचा पहिला प्रहर ह्या दोन वेळांस गेलेले माणूस हटकून समोर उभे राहते, हा ज्याचा त्याचा अनुभव आहे. अहिल्याबाईंनी नेमक्या त्या दोन्ही वेळा कामाला लावल्या होत्या. पहाटेचा प्रहर पूजेस दिला होता, रात्रीचा प्रजेच्या कामास. पूजा संपली की कारभार आणि कारभार संपला की पूजा, असे ते चक्र होते. किंबहुना ही दोन कामे त्यांस निराळी वाटतच नसावीत. आपण जी सत्ता वापरतो तिच्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वरापुढे द्यावा लागेल, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. राज्य त्यांनी शंकराच्या चरणी वाहिले होते आणि आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत, असे परंपरा सांगते. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले आहे त्याने उरलेलेही आपले न मानता देवाचे मानावे, ह्यात केवढी सोडवणूक आहे! जे आपले नाही ते जाण्याचे भय उरत नाही, आणि जे देवाचे आहे ते सांभाळण्यात हयगय करण्याची मुभाही उरत नाही.

महेश्वरी त्यांच्या काळापासून लिंगार्चनाचा एक परिपाठ चालत आला आहे. काळ्या मातीची इवलीइवली हजारो शिवलिंगे हातांनी घडवायची, त्यांची यथासांग पूजा करायची आणि त्याच दिवशी ती नर्मदेत सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती, पुन्हा पूजा, पुन्हा विसर्जन. आम्हांस हा परिपाठ फार अर्थपूर्ण वाटतो. घडविलेले जपायचे, भक्तिभावाने पूजायचे, आणि वेळ आली की ओंजळ उघडून पाण्यावर सोडायचे. हा धडा एका दिवसात पाठ होत नाही, म्हणूनच तो रोज गिरवायचा असतो.

त्यांच्या धर्मकार्याचा विस्तार सर्वज्ञात आहे. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० साली त्यांनीच उभारले. सोमनाथास १७८३ साली नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर त्यांचेच. वेरुळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, पंढरपुरास चंद्रभागेकाठी वाडा व राममंदिर बांधले. त्यांच्या राज्याची सीमा माळव्यात संपत होती, पण घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे हिंदुस्थानभर पसरली होती. दक्षिणेतील दूरदूरच्या देवळांस त्या नियमाने गंगेचे पाणी पाठवीत. उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी पाजण्यासाठी माणसे नेमीत. नांगराचे बैल तहानले तर त्यांसही थांबवून पाणी दाखविले जाई. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन पाखरांस मोकळी सोडली जात. ज्या बाईच्या घरातले दाणे टिपणारे एकेक पाखरू उडून गेले होते, तिने रानातल्या पाखरांसाठी शेते राखली!

दानापेक्षाही मोठे म्हणजे विधवांविषयीचे त्यांचे धोरण होय. निपुत्रिक मनुष्य मेला की त्याची दौलत सरकारजमा करण्याची चाल तेव्हा होती. इंदूरच्या एका सावकाराच्या मृत्यूनंतर तुकोजींनी त्याच्या संपत्तीवर हक्क सांगितला, तेव्हा अहिल्याबाईंनी मध्ये पडून ती विधवेकडेच राहू दिली. खरगोण येथील सावकारांच्या विधवा आपली दौलत त्यांना अर्पण करण्यास आल्या असता त्यांनी ती घेतली नाही आणि लोकोपयोगी धर्मकार्यात खर्च करण्यास सांगितले. वैधव्य म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. स्वतःच्या जखमेने दुसऱ्याची जखम ओळखावी आणि आपल्या हाती जेवढी सत्ता आहे तेवढी तिच्यावर फुंकर घालण्यासाठी वापरावी, हीही त्यांची पूजाच होती.

एवढ्यावर चरित्र संपते तर ते फार गोड झाले असते. पण देवावर भार टाकला की पुढे दुःख येत नाही, असे आम्ही वाचकांस सांगू शकत नाही, कारण अहिल्याबाईंचे चरित्र तसे सांगत नाही. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे ह्यांच्याशी झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आजीच्या म्हातारपणाची काठी. १७९० च्या सुमारास तो नातू आजाराने गेला आणि पाठोपाठ १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला होता. आता त्याच सुनेने सहासष्टाव्या वर्षी आपल्या लेकीपुढे पसरला. आई म्हणून विनविले, देवाची आण घातली. लेकीने प्रेमाने पण निश्चयाने नकार दिला. तुम्ही वृद्ध आहात, थोड्या वर्षांनी तुम्हीही जाल, मग मी कोणासाठी राहू, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ माल्कमने दिला आहे.

अहिल्याबाई लेकीबरोबर चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा इतकी वर्षे सांभाळलेला धीर सुटला. त्यांनी आकांत केला, आणि धरलेले हात सोडविता येईनात म्हणून त्या स्वतःचेच हात चावू लागल्या. सर्व संपल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि शब्दही उच्चारला नाही. कोट्यवधी लिंगांचे अर्चन करविणारी, काशी-सोमनाथ उभारणारी ती स्त्री तीन दिवस मुकी झाली. सतीच्या चालीस कायद्याने बंदी झाली ती १८२९ साली. ज्या रूढीतून एका वृद्धाच्या अश्रूंनी त्या वाचल्या, त्याच रूढीने त्यांची लेक नेली, आणि राज्याची मालकीण असूनही तिच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. ह्या प्रसंगावर भक्तीचा मुलामा चढवून तो सुसह्य करण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही.

चौथ्या दिवसापासून काय झाले, हेच आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. त्या उठल्या. लेकीच्या आणि जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी एक सुंदर छत्री बांधविली. पहाटेची पूजा सुरू झाली, दुपारचा दरबार सुरू झाला. आणखी चार वर्षे हे व्रत चालले, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नर्मदेच्या काठीच त्यांनी देह ठेवला. आपली स्तुती करणारा एक ग्रंथ कोणा ब्राह्मणाने रचून आणला तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकण्यास सांगितले होते. ग्रंथ बुडाला, पण माळव्यातील माणसे त्यांस देवतेसमान मानू लागली ती मानू लागलीच.

आरंभी जे प्रश्न आम्ही केले, त्यांची उत्तरे ह्या चरित्रात वाचकांस मिळाली असतील. देवाचा आधार म्हणजे रडू न येणे नव्हे. अहिल्याबाईंनी आकांत केला. देवाचा आधार म्हणजे गेलेल्यांस विसरणे नव्हे. त्यांनी आलमपुरास सासऱ्याची आणि महेश्वरी लेकीची छत्री उभी केली. देवाचा आधार म्हणजे संसारापासून पळ नव्हे. त्यांनी रात्री अकरापर्यंत लोकांची कामे केली. तीन दिवस मुके राहून चौथ्या दिवशी उठण्याचे जे बळ त्यांस मिळाले, त्यालाच आम्ही ईश्वराचा आधार म्हणतो. ते बळ त्या दिवशी अकस्मात आले नाही. सदतीस वर्षांच्या रोजच्या पहाटेत ते थेंबाथेंबाने साठलेले होते.

आपल्या घरांतून देवघरे आहेत. अंबाबाईचे दर्शन, जोतिबाचा गुलाल, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाचा भंडारा हे आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. सुखाच्या दिवसांत ही उपासना नियमाने चालू ठेवावी, म्हणजे दुःखाच्या दिवशी ती आपल्याला चालू ठेवील. आणि ज्या घरी नुकताच दुःखाचा प्रसंग आला असेल तेथे जाऊन केवळ भार देवावर टाका असे सांगून उठू नये. मल्हाररावांप्रमाणे त्या घरातील मागे राहिलेल्या लेकीसुनांच्या हाती शिक्षण, काम आणि मान द्यावा. देव धावून येतो तो बहुधा माणसाच्याच पायांनी येतो. शोकाकुल कुटुंबांच्या दारी तो आपल्या समाजबांधवांच्या रूपाने वेळेवर पोहोचो, एवढीच त्या महेश्वरीच्या मातेच्या चरणी आमची प्रार्थना आहे.

राजारामपुरी, कोल्हापूर